होकायंत्र क्रमांक सात

डेडस्टॉक रजिस्टरात किंमत अठ्ठावीस रुपये.
काचेला तडा, सुई शाबूत.
टेबलावर ठेवलं की क्षणभर थरथरते
मग सातपुड्याकडे तोंड करून बसते.
तीस वर्षं बघतोय.

नेहेते मॅडमनी सुईच्या अडीच सेंटिमीटर वर
तांब्याची तार ताणली, दक्षिणोत्तर.
ॲमीटर साडेचारला अडतो, टिचकी मारायचं काम माझं.
मारली. पाच अँपिअर.
सुई उठली, वायव्येला वळली
आणि मधोमध थांबली,
अर्धी डोंगराची, अर्धी तारेची.

फळ्यावर म्यू-नॉट आय, भागिले टू पाय आर.
"चाळीस मायक्रोटेस्ला. पृथ्वीचंही इथं साधारण तेवढंच."
"पण खाली नुसता आर का? आरचा वर्ग का नाही?"
मागच्या बाकावरून रुबीना तडवी.

मॅडमनी डस्टर ठेवलं.
"मळ्यात भरताची पार्टी असते ना?
चुलीभोवती पंगत बसली, गोल.
तिच्यामागे दुसरी, दुप्पट लांब.
प्रत्येक पंगतीला घमेलं एकच,
मग मागच्याच्या पानात किती?"
"निम्मं."
"घमेल्याचं नाव म्यू-नॉट आय."
वर्ग हसला. तिनं लिहून घेतलं.

त्या रात्री सात नंबर कपाटात नव्हतं.

दीपनगरहून निघालेल्या तारा
तिचा बाप राखतो त्या केळीवरून जातात.
उंची वीस मीटर, चारशे अँपिअर, तिनं धरलेले.
उत्तर चार, पृथ्वीच्या दहावा हिस्सा.
सुईनं पाच-सहा अंश तरी मान वळवावी.
तारा गुणगुणत होत्या.
केळीची फाटकी पानं एकमेकींना लागत होती.
सुई सातपुड्याकडे.

सकाळी दारातच उभी.
"मीच नेलं होतं, सर. मले तीनदा तेच उत्तर आलं.
मग हलली काबरं नाही?"
मला सर म्हणणारी पहिलीच.

मी बारावी नापास, पण फ्यूज पुष्कळ बदललेत.
म्हटलं, पोरी, ही बॅटरीची वीज नव्हे.
ही सेकंदाला शंभरदा उलटते.
इकडे ये, तिकडे जा, इकडे ये,
एवढ्या हाका एकदम आल्या
की शहाणं माणूस जागचं हलत नाही.

तिनं उत्तर खोडलं नाही.
खाली लिहिलं:
क्षेत्र आहे. सुईला सवड नाही.

मी रजिस्टर उघडलं.
सात नंबर, परत आलं, चालू स्थितीत.
गेल्याची नोंद
कुठेच नाही.