दीड इंच

ढमढेऱ्यांची शाल्मली गुडघे दाखवायला आली.
दोन्हींवर एकाच उंचीला जांभळा डाग,
जुना पिवळा पडतो न पडतो
तोवर त्याच्यावर नवा.
घरी वाटतं मी पडते, म्हणाली.
पडत नाही, सादिकभाई. वळताना हँडल लागतं.

नाना पेठेत बत्तीस वर्षं गाड्या उघडतोय मी,
पण चार चाकांची ही शर्यतीची गाडी
तिच्या मामाने आणली तेव्हा पहिल्यांदा पाहिली.
ती सातवीत होती. नेमकी बसायची तिच्यावर.
पुढे ती वाढत गेली
आणि गाडी होती तेवढीच राहिली.

दोन विटांवर उभं केलं तिला, भिंतीला लागून,
गुडघे जरासे मोडून, हात पुढे.
मनगटापाशी खडूची रेघ ओढली
आणि बघतो तर मान खालीच.
सरळ हो, म्हटलं.
सरळच आहे, म्हणाली.
आत्यानं लग्नाच्या फोटोत तिला नेहमी मागे बसवलंय,
हे मला कुठून कळणार?
पुन्हा म्हटलं, सरळ.
रेघ बोटभर वर गेली.

ती म्हणे दोन इंच, मी म्हणे दीड.
दुकानातला चहा गार होईपर्यंत आमचं हेच.
शेवटी भिंतीला विचारलं. भिंत म्हणाली दीड.

जुना दांडा कापून मध्ये तुकडा जोडायचा नाही,
एवढं मी आधीच सांगितलं होतं.
डाग दिलेल्या दांड्यावर पोरीला
खडीत पाठवायला माझा हात धजत नाही.
भोसरीत सोपान कुदळ्याने अख्ख्या नळीतून काढून दिला,
लेथवरून उतरला तेव्हा ऊन ऊन होता, फडक्यात गुंडाळलेला.
पैसे विचारले तर म्हणे, आधी मोज.

मग उघडलं. पुढचं प्लास्टिक, हँडलचे क्लॅम्प,
मधली बुश, झिजून अंडाकृती झालेली,
खालच्या नटाची पिन तर हातातच तुटली, गंजाने.
टाय रॉड सुटले आणि दोन्ही चाकं
आपापल्या दिशेने बघायला लागली.
ग्रीस भरलं. नवा दांडा बसला, खट्.

आणि बाकीचं सगळं आखूड पडलं.
ब्रेकची नळी ताणून तारेसारखी.
क्लचची वायर पोचेचना.
हँडल पूर्ण डावीकडे नेलं तर इंजिन
कुणी न छेडता ओरडायला लागलं,
ॲक्सिलरेटर आपोआप ओढला जात होता.
एका ठिकाणी दीड इंच दिला
तर चार ठिकाणी द्यावा लागतो,
हे मला माहीत होतं. बिलात धरलं नव्हतं.

ओसवालकडून लांब नळी आणली, वायर फ्रेमच्या आतून फिरवली.
ब्रेकमधली हवा काढायला ती वर, मी खाली जमिनीवर.
दाब. धर. सोड.
दाब. धर. सोड.
तेलातला शेवटचा बुडबुडा निघाला
तेव्हा रस्त्यावर दिवे लागले होते.

रविवारी टेम्पोत घालून वाघोलीच्या जुन्या खाणीत नेली.
पहिल्या फेरीत ती सवयीने वाकूनच.
दुसऱ्यातही.
तिसऱ्या फेरीत खड्ड्यापाशी उठली
आणि उठतच राहिली.
एवढी आहे ही, मी मनात म्हटलं. एवढी?
धूळ खाली बसली तरी ती उभीच होती.
गुडघे कशालाच लागत नव्हते.

टेम्पोपर्यंत गाडी मी नेतो म्हटलं.
बसलो. हँडल धरायला हात
पार खांद्याच्या वर न्यावे लागले,
बसच्या दांड्याला लोंबकळल्यासारखे.
ती पोट धरून हसत होती, हेल्मेट काखेत.
सादिकभाई, सरळ व्हा, म्हणाली.
सरळच आहे गं, म्हटलं.