बोटीतला नमुना

चोडणच्या फेरीबोटीत अकरावीची पोरं,
साठ जणांना एकच प्रश्न:
बोट वेळेवर मिळते का?
एक्कावन्न म्हणाले, मिळते की.
ग्लेनिशाने पंच्याऐंशी टक्के काढले,
खाली दोन रेघा ओढल्या.

"विचारलंत कुठे?"
"इथंच, सर. बोटीत."

फळी कधीच उचलली होती.
धक्क्यावर रिकामी पाटी डोक्यावर घेऊन
धावत आलेली एक बाई थांबली,
लहान होत गेली.

दर्पणाने कोरं पान काढलं,
तारीख घातली,
आणि नुसतीच मागे बघत राहिली.

मांडवीत भरतीचं पाणी चढत होतं.
मला आठवलं,
रोज तास संपताना मी विचारतो, समजलं का?
आणि वर आलेले हात
मोजतो.