परतीच्या तारखा

तुओवीच्या हातातल्या पाटीत
सहा हजार दोनशे अठरा पुस्तकं आहेत.
वजन म्हणाल, तर राईच्या पावाचे चार काप.

आठवड्याला एक धरलं तरी
एकशे एकोणीस वर्षं लागतील, असा हिशेब तिनं
वीजबिलाच्या पाकिटामागे मांडला.
त्यात आपली एकाहत्तर मिळवायची की वजा करायची
ते न कळून
पाकीट चुलीत सारलं.

बाहेर तळं गोठलंय. तीनलाच अंधार.
कप्पे तिनंच केलेत:
'नंतर'. 'लवकरच'. 'खरंच लवकरच'.
एक नुसताच 'हिवाळा',
त्यात गेले नऊ हिवाळे साचून राहिलेत.
आणि प्रत्येक मुखपृष्ठाखाली टक्के,
तीन, अकरा, शून्य,
शून्य,
नापास पोराच्या प्रगतिपुस्तकासारखे.

तीस वर्षं तिनं ग्रंथालयाची बस चालवली
कायनूच्या जंगलातून, एक मंगळवार सोडून एक.
शेवटच्या थांब्यावर वेइक्को, लाकूडतोड्या.
मधमाश्यांवरचं एक जाडजूड पुस्तक
तो परत करायचा, आणि तिथंच उभ्या उभ्या,
टोपीही न काढता,
पुन्हा न्यायचा.
अकरा वर्षं.
खुणेचा दोरा कायम सातव्या पानात,
दोऱ्याला मासळीचा वास.
मधमाशी एकही पाळली नाही त्यानं.
तुओवी शिक्का मारायची, नवी तारीख घालायची,
म्हणायची, वळणावर निसरडं झालंय, जपून जा.

वाचलंत का?
हे तिनं तीस वर्षांत
कुणालाच विचारलं नाही.

मग स्वतःलाच कशी विचारते,
रोज रात्री, दात घासताना?

पडवीत बर्चची लाकडं छपरापर्यंत रचलीत.
त्यांच्याकडं बघून आजवर कुणाला
अपराधी वाटलेलं नाही.
उलट शेजारची हिल्या म्हणते,
वा, यंदा निर्धास्त आहेस.

तुओवीनं चष्मा पुसला.
कुठल्या तरी यादीच्या पोटात शिरून
टक्के बंद केले.
एवढंच. कप्पे तसेच ठेवले,
'खरंच लवकरच' सुद्धा,
त्या शब्दांवर तिचा थोडा जीव आहे.

मग 'मधमाश्या' लिहून शोधलं.
मिळालं ते घेतलं, अंगठा
शिक्क्यासारखा दाबून.
सहा हजार दोनशे एकोणीस.

वाचत सातव्या पानापर्यंत आली.
पुढं जाता आलं असतं,
पण दारातला बर्फ ओढायचा होता,
आणि सातवं पान, बघा,
थांबायला वाईट नव्हतं.