महिला रविवार

वर्षातून एकदा, ऊसतोडीवरून बाया परतल्या की,
पुलपीट आमचं.
बाकीचे रविवार आम्ही चटया झटकतो,
चहात आलं ठेचून टाकतो,
आणि पाळकसाहेबांच्या तोंडून ऐकतो
की प्रभूच्या घरात सगळे सारखे.

पुलपिटाला तीन पायऱ्या आहेत.
माझी आई त्या चाळीस वर्षं चढली,
दर शनिवारी, झाडू घेऊन.
ती गेली तेव्हा मंडळीच्या वहीत लिहिलं,
‘एक विश्वासू सेविका.’
नाव लिहायचं राहून गेलं.
तबिथा.
आता लिहिलं.

यंदा पाळी माझी.
पांझरेकाठच्या अंगणवाडीची मदतनीस, दहावी नापास, गणितात.
विषय त्यांनीच चिठ्ठीवर दिला होता : आदर्श गृहिणी.
मी चिठ्ठीची घडी घालून कनवटीला लावली
आणि त्या परक्या बाईची गोष्ट काढली,
सोरकडची, आपल्यातली नसलेली,
घरी पोर तडफडत होती जिची,
आणि प्रभूनेसुद्धा जिला आधी धुडकावलं.
हो, धुडकावलं. मी तोच शब्द वापरला.
पुढच्या बाकावर खोकला उठला.

लेकरांची भाकर कुत्र्यांना कशी टाकू, असं तो म्हणाला.
ती रडली नाही.
म्हणाली, खाली सांडलेला चुरा तर कुत्र्याचाच की.
वाद घातला तिने, देवाशी, चारचौघांत,
आणि तो हरला.
हरला आणि खूश झाला.
मला देव तिथे सापडतो, मी म्हटलं,
बाईपुढे हरायला न लाजणारा.

इथवर सगळं ठीक होतं. दोघीचौघींनी आमेनही म्हटलं.

मग माझी नजर दीनावर गेली,
शेवटी, चटईच्या कडेला.
बारडोलीकडे तीन मोसम कोयता धरून
तिच्या बोटांवरच्या रेषा पुसल्या,
रेशनचं मशीन तिला ओळखत नाही.
‘मन्हा आंगठा झिजी गया, माय,’
हापशावर म्हणाली होती,
‘आते मी कोन शे?’

दुकान याकोबभाऊंचं.
आमचे वडील पंच. दानपेटीची चावी त्यांच्याच कंबरेला.
साक्रीच्या कचेरीत मी वही पाहून आले :
दीनाचे गहू उचललेले, तांदूळ उचललेला,
पुढे तिची सही, वळणदार.
दीनाला सही येत नाही.

ते मी पुलपिटावरून वाचलं.
नाव घेऊन, तारखा घेऊन, किलो घेऊन.
दुसऱ्या तारखेला माईक गेला.
पंखा फिरत होता, दिवे होते,
माईकच गेला.

उरलेल्या तारखा मी ओरडून वाचल्या.
आवाज चिरकला, पोरं हसली.
पाय असे कापत होते की पुलपिटाचं लाकूड वाजत होतं.

तेवढ्यात सुवार्ताबाई उठल्या, याकोबभाऊंच्या घरच्या.
वाटलं, आता ही मला दंडाला धरून उतरवते.
त्या मधल्या वाटेने चालत गेल्या
थेट मागे,
आणि दीनाजवळ चटईवर बसल्या.
हळूहळू, गुडघे धरत,
कारण खाली बसायची सवय नव्हती राहिली.
बोलल्या काहीच नाहीत.
आम्हीही नाही.
त्या दिवशी चहा कुणी केला नाही.

बुधवारी पंचांची बैठक झाली.
पुढच्या वर्षीचा महिला रविवार
‘विचाराधीन’ आहे.
दीनाला एका महिन्याचे गहू मिळाले, दोन बाकी.
त्यांच्यासाठी सोमवारी साक्रीची पहिली बस आहे,
सव्वासहाची, आली तर.

शनिवारी देऊळ झाडायला मीच गेले.
चटया झटकल्या, तिन्ही पायऱ्या झाडल्या,
आणि वरच्या पायरीवर बसले थोडा वेळ,
पाय मोकळे सोडून.
खिडकीतून पांझरेचं कोरडं पात्र दिसत होतं, दोन शेळ्या.
आईला इथून हे दिसायचं, तिने कधी सांगितलं नव्हतं.

झाडू खालीच राहिला होता.