चार दिवसांची गाठ

गाइड म्हणाले, पोस्टरवर शब्द कमी कर,
दहा फुटांवरून कळलं पाहिजे.
मग मी 'आढळून आले' काढलं,
'नोंदवण्यात आले' काढलं.
कुणी नोंदवलं, हे तर तिथे कधी नव्हतंच.
उरल्या काही लाल रेघा:
तांडापेठेतल्या एकवीस पत्र्याच्या घरांतला
मे महिना.

रात्री दोनला कूलरसमोर पोस्टर पसरलं,
चारी कोपऱ्यांवर वाट्या.
बाबा पाणी प्यायला उठले.
बत्तीस वर्षं माग चालवलेला माणूस,
आलेखाचा कागद दिसला की
आधी चौकोन मोजतो.
"किनार कोणती व हे?"
किनार नाही बाबा, तापमान आहे.
खाली तारखा, बाजूला अंश.
"म्हंजे ताणा आन् वाणा."
हो. तसंच.

ते उकिडवे बसले
आणि बोट ठेवून एकेक दिवस चालत गेले,
कापडातला दोष शोधायचे तसे,
डोळ्यांपेक्षा पेरावर भिस्त ठेवून.
घर नऊपाशी थांबले.
"इथं धागा तुटला होता."
नाही, सलग आहे की.
"जोडला तू. गाठ काहून नाही दाखवली?
भलताच सरळ चालून रायला.
मे महिन्यात इतकं सरळ काय चालते, पोरी?"

घर नऊ म्हणजे पार्बताबाई निखारे.
अकरा ते चौदा मे. बाहेर सेहेचाळीस,
आणि त्यांच्या पत्र्याखाली माझं यंत्र म्हणत होतं
एकोणतीस.
असं होत नाही, म्हणून मी चार दिवस पुसले
आणि दहापासून पंधरापर्यंत
रेघ ओढून मोकळी झाले.
गाइडना दिसलं नाही.
खरं सांगायचं तर मलाही
हळूहळू दिसेनासं झालं होतं.

सकाळी विचारायला गेले.
"अवो, ते डबडं असं तापलं होतं,
हात लावला त चटकाच बसला.
म्या म्हटलं, बिचारं बोलत बी नाही.
ओल्या फडक्यात गुंडाळलं, माठापाशी ठेवलं.
चुकलं काय माय?"

पोस्टर पुन्हा छापलं. साडेचारशे रुपये.
बर्डीवरच्या दुकानदारानं दोन्ही शेजारी धरले,
म्हणाला, मॅडम, बदललं काय?
चार दिवसांची रिकामी जागा,
आणि खाली बारीक अक्षरांत:
या काळात यंत्र ओल्या फडक्यात होते.
गुंडाळणाऱ्या: पार्बताबाई निखारे.
गाइडनी 'गुंडाळणाऱ्या'भोवती पेन्सिलीनं गोल काढला,
पेन्सिल तशीच धरून ठेवली,
मग पुढच्या पानावर गेले.

समाजमंदिरात मला सात मिनिटं होती.
तिसऱ्या मिनिटाला मी 'औष्णिक ताण' म्हणाले
आणि पुढच्या रांगेतल्या बाईनं
शेजारणीला भाजीचा भाव विचारला.
चौथ्या मिनिटाला मागून कुणीतरी:
"मधात फाटलं काय तुमचं?"

मी तोंड उघडायच्या आत
पार्बताबाई उभ्या राहिल्या.
माठ कुठे, फडकं कुठलं, जुन्या लुगड्याचं की नव्या,
दिवसातून किती वेळा भिजवलं,
सगळं सांगितलं, हातवारे करून,
भिंतीवरच्या रिकाम्या जागेत बोट घालून.
माझा पॉइंटर माझ्याच हातात बंद होता.
"मंग एवढ्याशा फडक्यानं
सतरा उतरले त," त्या म्हणाल्या,
"पत्र्यावर ओली पोती टाकून पाहाची काय?"

त्यावर कुणी म्हणालं, माकडं ओढून नेतात.
कुणी म्हणालं, पाणी काय तुझा बाप देते?
महापालिकेचे साहेब 'बघू' म्हणाले,
तेव्हा तिघी एकदम बोलल्या.
बाबा दारापाशी कुणाला तरी सांगत होते
की तागाचं पोतं जाड सुतापेक्षा
उशिरा वाळते, पण वजन फार धरते.

माझी सात मिनिटं कधीच संपली होती.
आलेखाकडे कुणी बघत नव्हतं.
मी खाली सतरंजीवर बसले, वही काढली,
घर, पोती, बादल्या असे रकाने आखले,
आणि विचार करून चौथा:
नळ कुणाचा.