ताप

वडील कामावर निघाले की डब्यात वायर न्यायचे.
काळा पाव, खारवलेली काकडी, सॉसेजचे दोन काप,
आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली
माझ्या कॉम्प्युटरची वायर.
वूचच्या कापडगिरणीत ती आठ तास
मागांच्या खडखडाटात पडून असायची
आणि मी घरी गणितं सोडवत.
"शहाणा झालास की मिळेल."
शहाणपणाचं वय काही त्यांनी सांगितलं नाही.

तेव्हा गेम रेडिओवरून यायचे.
माझी मुलगी योविता यावर विश्वास ठेवत नाही.
पण निवेदक खरंच म्हणायचा, टेपरेकॉर्डर तयार ठेवा,
आणि मग पाच मिनिटं नुसता चरचराट,
पत्र्यावर कुणी खिळा ओढावा तसा.
शेजारच्या मिरोस्लावाबाई भिंतीवर थापा मारायच्या.
मी श्वास रोखून बसायचो.
त्या आवाजात एक किल्ला होता,
बारा खोल्या, एक वटवाघूळ,
आणि मधेच कुणी शिंकलं तर दार कायमचं बंद.

एके दिवशी आईच्या इस्त्रीची वायर नेमकी बसली.
आई काही बोलली नाही.
त्या हिवाळ्यात वडील चुरगळलेल्या कॉलरनं गिरणीत गेले
आणि आई सांगत राहिली, इस्त्री बिघडलीय.
पावणेतीनला ती खिडकी सताड उघडायची,
जानेवारीत, उणे अकरात,
टीव्ही गार व्हावा म्हणून.
कारण वडील आल्या आल्या टीव्हीच्या पाठीवर हात ठेवायचे,
पोराचा ताप बघावा तसा,
कधी कधी तर हातमोजाही न काढता.
"गार आहे," म्हणायचे, आणि बूट काढायला बसायचे.
आम्ही दोघांनी त्यांना वर्षभर फसवलं.

आता हात माझा.
रात्री नऊला वायफाय बंद,
सव्वानऊला कन्सोलच्या पाठीवर तळवा.
योविता म्हणते, बाबा, तुझ्यापेक्षा पोलीस बरे.
शहाणी झालीस की, मी म्हणतो,
आणि बोलून झाल्यावर कळतं, तोंड कुणाचं आहे.

वडील त्र्याऐंशीचे, आमच्याकडेच असतात.
नातीनं त्यांना टॅबवर रंगीत खडे फोडायला शिकवलं.
पहाटे दोनला त्यांच्या दाराखालून निळा उजेड,
गोळ्या चुकलेल्या, डोळे लाल.
डॉक्टरबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, जरा लक्ष ठेवा.
मी बापावर आवाज चढवला.
ते पायमोज्याच्या भोकाकडे बघत ऐकत राहिले.
"ही एवढीच लेव्हल," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चार्जर माझ्या पिशवीत.
जेवणाच्या सुट्टीत डबा काढताना
तो हाताला लागला, वेटोळं घालून बसलेला.
पाव बराच वेळ तसाच राहिला.

संध्याकाळी घर जरा जास्तच शांत.
आजोबा वर्तमानपत्र वाचतायत, चष्म्याशिवाय.
योविता भूगोल करतेय, आपणहून.
तिच्या फोनचा चार्जर जागेवर नाही.
बाहेर उणे नऊ,
आणि खिडकी सताड उघडी.

मी टॅबपाशी गेलो.
हातमोजा काढला नाही.
पाठीवर हात ठेवला, तसाच थोडा वेळ.
"गार आहे," म्हणालो
आणि बूट काढायला बसलो.

वडिलांनी पान उलटलं.