दोन रुपये पान

शिवडीत, पोलीस ठाण्याच्या बरोबर समोर
माझं झेरॉक्सचं दुकान. एकोणीस वर्षं झाली.
अर्ज काचेवर पालथा ठेवायचा असतो, तोंड खाली.
तरी मी वाचायचे.
उचलताना, सरळ करताना, पिन मारताना:
मंगळसूत्र, मोबाईल, जावई, पार्किंग,
आणि मधूनच एखादा असा
की तो कुणाच्या नावे लिहावा हेच माणसाला सुचलेलं नसतं,
कारण मारणारा आणि लिहून घेणारा
एकाच टेबलावर डबा खातात.

नसरीन मुकादमचा अर्ज मी सात वेळा काढला.
दर खेपेला आणखी वरच्या साहेबांसाठी.
सातवी प्रत फिकी आली, टोनर संपत आला होता.
पैसे घेतले नाहीत.
घरी जाताना वाटलं, सुटले.
त्या वाटण्याची लाज अजून गेली नाही.

मग ठाण्याच्या फाटकावर पत्रक लागलं,
पाहणीदार निवडायचा, वस्तीनं, मतं टाकून.
पगार नाही, गाडी नाही, शिट्टीसुद्धा नाही.
महिन्यातून दोनदा न सांगता आत जायचं,
कोठडी बघायची, डायरी बघायची,
कॅमेरे चालू आहेत का बघायचं
आणि दिसेल ते लिहायचं.
"एवढंच?" म्हणाला दत्ताराम जिमवाला
आणि फॉर्म भरून आला.
त्यानं चिन्ह मागितलं सिंह, मिळाली बादली.
मला स्टेपलर.

मतदान शाळेत, चित्रकलेच्या वर्गात.
भिंतीवर कुण्या पोरानं काढलेला पोलीस:
मिशी ही एवढी,
डोळे काढायचे राहून गेलेले.
चौदा मतांनी आले मी.
दत्तारामनं हार घातला आणि कानात म्हणाला,
"वहिनी, दुकान मात्र सांभाळा."

पहिली खेप रात्री साडेअकराची.
"या मॅडम, आधी चहा घ्या."
चहाला अकरा मिनिटं लागतात.
एकोणीस वर्षं समोरून बघितलंय मी,
अकरा मिनिटांत एक पट्टा, एक पोरगा
मागच्या दारानं कुठल्या कुठे जातो.
"नंतर घेईन," म्हटलं.
पाय लटपटत होते,
पण साडीत कुणाला दिसतात?

कोठडीत माणसं तीन, चादरी दोन.
कॅमेरा नंबर दोनचं तोंड भिंतीकडे.
पडद्यावर पाल. अगदी स्वच्छ.
तसंच लिहिलं: कॅमेरा दोन, भिंत, पाल, अकरा सत्तेचाळीस.
साहेब हसले. "पालसुद्धा लिहिणार?"
दिसली, म्हणून लिहिली.
कॅमेरा फिरवा, असं म्हणायचा अधिकार
माझ्याकडे नाही.

पंधरा दिवसांनी पुन्हा भिंत.
पाल नव्हती.
तेही लिहिलं.

नसरीन आली. काउंटरवर कोपर टेकून म्हणाली,
"आता तू आत जातेस ना? मग माझ्या पोराचं?"
"मी फक्त बघते गं," म्हटलं,
आणि माझा आवाज मला
ठाणे अंमलदारासारखा ऐकू आला.
ती गेली तेव्हा दुकानात गिऱ्हाईक नव्हतं,
तरी मी मशीन चालूच ठेवलं.
कोरा कागद, कोरी प्रत. वाया गेली.

आज सकाळी शटर अर्धं वर असताना
कॉन्स्टेबल तांडेल वाकून आत आला,
साध्या कपड्यांत, पायात स्लीपर.
हातात चार पानं, घामानं मऊ झालेली.
"वाचू नका," म्हणाला.
पण पहिली ओळ
एकोणीस वर्षांच्या सवयीनं आपोआप वाचून झाली:
सलग अठरा तास ड्युटी, आणि खालच्या माणसावर
हात टाकायला सांगितलं तेव्हा मी नाही म्हणालो, म्हणून...
पुढचं मी काचेवर पालथं घातलं.
हिरवा उजेड सरकत गेला.

"किती कॉपी?"
तो बराच वेळ रस्त्यापलीकडे बघत राहिला.
"तीन," म्हणाला. मग, "चार काढा.
चौथी कुणाला द्यायची
ते अजून ठरवलं नाही."